म्हापशात दहा-शून्य

चपलांच्या दुकानावर, जिना चढून डावीकडे,
आल्विटोच्या पार्लरात मी अकरा वर्षं राजा होतो.
फुगवून सांगत नाही. भिंतीवर खडूनं लिहिलंय,
दोनदा रंग मारला तरी दिसतं.
शुक्रवारचा बाजार उठला की
हाताला चोरीसचा वास घेऊन पोरं वर यायची,
माझ्याकडून हरायची
आणि खुशीत खाली जायची.

माझं एकच होतं: उडी, लाथ, खालून झाडू, पुन्हा उडी.
कोणी अडवलं नाही,
म्हणून वाटायचं, हे अडवता येत नाही.

मग ती आली, गंधाली, कुडचड्याची,
फर्मागुडीला शिकणारी.
बाजारातून अंडी आणावीत तसा
टॉवेलात गुंडाळून स्वतःचा बटणांचा डबा आणलेला.
काठी नाही, दांडा नाही, नुसती बटणं.
आम्ही हसलो. डबा पाहून हसलो, हे आता लिहून ठेवतो.

पहिल्या राउंडला मी उडालो.
ती खाली बसलेली.
मी उतरेपर्यंत तिचा ठोसा तिथे आधीच उभा,
पणजीच्या बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

चौथ्या गेमला कळलं, ती काहीच करत नाही.
म्हणजे, मी काही करीपर्यंत काहीच करत नाही.
माझी बटणं फोडणीतल्या मोहरीसारखी तडतडत होती.
तिचं एक.
मग बराच वेळ नाही.
मग एक.
आल्विटोनं पंखा बंद केला. का, ते त्यालाच माहीत.

दहा-शून्य.
कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

'कशें गो हें?' मी विचारलं.
ती म्हणाली, सेकंदाचे साठ तुकडे करा.
तुमची लाथ चुकली की सावरायला चौदा लागतात.
मला अकरा पुरतात.
तिच्याकडे चौकटीची वही होती, हिशेबाची असते तशी,
त्यात माझी अकरा वर्षं
साडेतीन ओळीत बसली.
आवाजात तोरा नव्हता. म्हणाली,
मला पुण्यात एकानं असंच धुतलं.
त्याला कोरियातल्या एका पोरानं सात मिनिटांत.
आणि ते पोर म्हणे
स्वतःच्या गल्लीत सहावं.

जिन्याखाली माझं दुकान, कव्हर, चार्जर, काचा.
उतरताना तिनं मोबाइल पुढे केला,
काच तिरकी, कोपऱ्यात टपोरा बुडबुडा.
'घरी लावली, व्हिडिओ बघून. तीन वाया गेल्या.'
मी जुनी काढली, पुसलं, धूळ उचलली,
नवी एका कडेनं टेकवली
आणि सोडून दिली.
ती आपली आपण पसरत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
'परत दाखवा ना, हळू.'
'हळूच होतं ते.'
नव्हतं. तिनं ओळखलं.
वही काढून विचारलं, श्वास नेमका कधी धरता?
मी श्वास धरतो हे
मला सदतिसाव्या वर्षी कळलं.

सोमवारी मीही वही घेतली.
पहिल्या ओळीत तारीख. दुसऱ्या ओळीत: उडू नकोस.
पुढचं पान अजून कोरं.

तीन आठवडे आल्विटोच्या भाच्याकडून हरतोय.
नऊ वर्षांचा आहे, उडतो, लाथ मारतो, पुन्हा उडतो,
अगदी माझ्यासारखा,
आणि मी खाली बसून वाट बघतो
आणि उशिरा पोचतो.
पोरं म्हणतात, राजा गेला कामातून.
काल एकदा, एकदाच,
तो उतरायच्या आधी माझा हात तिथे होता.
गेम मी तरीही हरलो.
घरी जाताना बसमध्ये
अंगठा आपोआप हलत होता,
शेजारच्या बाईनं पिशवी उचलून
दुसऱ्या मांडीवर घेतली.